सोयर फिटेपर्यंत

जोहे, २० जुलै २०२५

विहीणबाई,

पत्राच्या माथ्यावर नमस्कार घालायची रीत आहे. घातला असं समजा. पाच वर्षांत आपण एकमेकींशी शब्द बोललो नाही, एकदम पाया पडले तर तुम्हालाच धास्ती वाटायची.

फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही मधेच बोलता. कागद मधे बोलत नाही. नाथा आमच्या कारखान्यातल्या मूर्ती टेम्पोतून रोह्याला पोचवतो, त्याच्या हाती हे पाठवते आहे. पुढच्या सीटवर कागद, मागे एकशेदहा गणपती. एवढ्या देवांच्या सोबतीनं आलेलं पत्र फाडायचं तर वाचून फाडा.

काल अपेक्षाचा फोन झाला. माझी पोर तुमच्याविरुद्ध बोलत नाही. काय घडलं तेवढं सांगते आणि गप्प राहते. त्या गप्प राहण्यातच मला सगळं ऐकू येतं. तुम्ही तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलात आणि म्हणालात म्हणे, "सिझर करायचंच हाय ना, मग चौदा ऑगस्टला करा. चतुर्थीच्या आत दहा दिवस फिटतात." डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळ तेव्हा कच्चं असेल. तर तुम्ही लगेच पुढची तारीख काढलीत, "मग तीन सप्टेंबरला घ्या, गौरी-गणपती गेले की." वा! एसटीच्या खिडकीवर आरक्षणसुद्धा माणूस इतक्या हक्कानं बदलून मागत नाही.

यावर डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तुम्ही घरी सांगितलंत का? नसणार. मी सांगते. त्या म्हणाल्या, "पहिलं सिझर झालंय. आतला टाका जुना आहे, दिवस वर जाऊ द्यायचे नाहीत. पंचवीस ऑगस्ट." तुम्ही पदर सावरलात आणि "बघू" म्हणून उठलात.

काय बघणार आहात? टाका आतून आहे, तुम्हाला दिसायचा नाही.

घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर येते आणि त्या भावकीनं देवाला हात लावायचा नाही, हे मला ठाऊक आहे. मी काही आभाळातून पडले नाही. पंचवीसला बाळ झालं तर सत्तावीसला तुमच्या पाटावर गणपती बसत नाही, आणि तुमच्या एकटीच्या नाही, भावकीतल्या सातही घरांत बसत नाही. मग सातही घरांच्या बायका तुमच्या दारात येऊन तोंडं वाकडी करणार. ही खरी भीती. देवाची नव्हे, जावांची.

आणि ऑपरेशन झाल्यावर बाळंतीण सांभाळायची कोणी? "तिची आई हाय ना," असं म्हणालात. पहिलं बाळंतपण माहेरचं. ते मी केलं. चाळीस दिवस शेक, धुरी, अळिवाची खीर, तान्ह्या किमयाची अंघोळ, पोरीच्या टाक्यावर धक्का लागू नये म्हणून तिला उठवताना माझी कंबर गेली ती अजून परत आलेली नाही. त्याची पावती तुम्ही बारशाला दिलीत, भरल्या बायकांत: "आमच्यात पोट कापून पोर झालं नाय कधी." तेव्हापासून आपला अबोला. दुसरं बाळंतपण सासरचं असतं, हे सातही घरांतली कोणी सांगत नाही का तुम्हाला?

तुमचे यजमान काळुरामभाऊ काय म्हणतात? काही म्हणत नसतील. आणि तुमचा निकेश मान हलवत असेल. आईकडे बघूनही हलवतो, बायकोकडे बघूनही हलवतो. देवळाबाहेरच्या नंदीबैलाला निदान विचारलं ते कळतं.

मी यायला तयार आहे. फक्त तारीख डॉक्टरनं ठरवावी, पंचांगानं नव्हे.

अपेक्षाची आई,
सगुणा


जोहे, २ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

तुमचं उत्तर मिळालं. कॅलेंडरच्या जून महिन्याच्या पाठीवर लिहिलेलं. अक्षर काळुरामभाऊंचं, विष तुमचं. चार ओळी आहेत, त्या मी पाठ केल्या: "तीन तारीख आम्ही तुमच्याच सोयीनं धरली. चतुर्थीपर्यंत तुम्हाला कारखान्यातून हलता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मोकळ्या झालात की पोरीजवळ या. आमचे गुडघे चालत नाहीत."

माझी सोय! माझ्या सोयीचं तुम्हाला कोणी विचारलं? मी कोणाला एक शब्द बोललेले नाही. उगाच माझ्या नावावर बिल फाडू नका.

आता गणपतीचंच बोलायचं तर ऐका. पस्तीस वर्षं मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. रंग कोणीही मारतो, डोळे सगळ्यांना जमत नाहीत. आता रितेशच्या कारखान्यात बसते, त्याआधी त्याच्या बापाच्या कारखान्यात बसायचे. अमोल झाला तेव्हा श्रावण संपत आला होता. सहाव्या दिवशी मालकाचा निरोप आला, दोनशे मूर्ती आंधळ्या उभ्या आहेत. मी फडक्यानं पोट आवळलं, पोराला टोपलीत घातलं आणि जाऊन बसले. अंगावर सोयर आणि हातात कुंचला. त्या दोनशेतले किती रोह्याला गेले असतील, त्यातला एखादा तुमच्याही पाटावर बसला असेल, तुम्ही त्याला एकवीस मोदक दिले असतील. काय बिघडलं? तुमचं घर उभं आहे. तुमचं तोंडही चालतं आहे.

तरी तुमचा जीव त्यातच अडकला असेल तर उपाय सोपा आहे. बाहेरच्या कुळातल्या माणसानं पूजा केली की चालते. आमच्याकडे सोयर असताना शेजारच्यांनी आमचा देव पुजला होता. माझा अमोल येईल. तुमच्या सातही घरांत फिरून मूर्ती बसवील, आरती म्हणेल. त्याचा आवाज तुमच्या दिरापेक्षा बरा आहे.

पण तुम्हाला उपाय नको. तुम्हाला सून वेळेत बाळंत व्हायला हवी, दुकानातल्या ऑर्डरीसारखी.

सगुणा


जोहे, ११ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि दोनदा रद्दीत टाकलं. रद्दी मूर्तींना गुंडाळायला लागते, तेव्हा वाया गेलं नाही.

अपेक्षा राखीला आली होती, तुम्हाला माहीत आहेच. अमोलला राखी बांधली आणि माझ्यामागे कारखान्यात आली. दोन मूर्तींच्या मधे फळीवर बसली. एवढं पोट घेऊन तिला पाठ टेकवायला जागा नव्हती, तर मी म्हटलं, "घरी जाऊन पड गो." ती म्हणाली, "नाय, हितंच बरं हाय. तुझा हात चालताना बघते."

बराच वेळ बघितलं तिनं. मग म्हणाली, "आई, पंचवीसला येशील काय?"

माझा कुंचला मूर्तीच्या पापणीवर होता. पापणी एका श्वासात ओढायची असते. मी ओढली, आणि मग तोंडातून निघालं, "पंचवीसला? अगो, अडीचशे मूर्ती डोळ्यांविना उभ्या हायत. रितेश मला जिवंत सोडील काय?"

ती हसली. "सहज इचारलं," म्हणाली. माझा चहाचा कप विसळून ठेवला आणि दुपारच्या गाडीनं रोह्याला गेली.

आता ते सांगते, जे मागच्या पत्रात मी चक्क खोटं लिहिलं. जूनमध्ये तिनं पहिल्यांदा तारखांचं काढलं तेव्हा मीच तिला म्हणाले होते, "चतुर्थी होऊ दे, मग मी दोन महिने तुझीच. तोवर धर." तोवर धर! जसं काही ते मूल नाही, हातातली पिशवी आहे. तुम्ही सोयरीसाठी लांबवत होता, मी आखणीसाठी. तुम्हाला नावं ठेवताना मला फार बरं वाटत होतं, कारण तुम्ही दिसत असलात की मी दिसत नव्हते.

म्हणून मी तुमच्याशी गोड बोलायला लागले असं समजू नका. तुमचं वागणं हलकंच आहे. फक्त त्या पायरीवर मीही उभी आहे, एवढंच.

तर आता असं करू. दोघी मिळून तिला सांगू, पंचवीस. पहिले दोन दिवस तुम्ही दवाखान्यात बसा. गुडघे बसायला लागत नाहीत, उठायला लागतात. चतुर्थीला दुपारी माझी शेवटची मूर्ती गेली की मी येते आणि चाळीस दिवस हलत नाही. तुमचा गणपती अमोल बसवील. होय की नाही तेवढं कळवा.

सगुणा


जोहे, १९ ऑगस्ट २०२५

विमलबाई,

तुमचा निरोप नाथानं तोंडी सांगितला. त्याला सांगताना लाज वाटत होती, तुम्हाला सांगताना वाटली नाही. "तीन म्हणजे तीन. परक्या पोरानं आमचा देव बसवायची पाळी आमच्यावर आलेली नाय. सगुणाबायनं आमच्या घरात नाक घालू नये."

बरं. नाक काढून घेतलं. तुम्ही तुमचे सात पाट धुऊन ठेवा. तुम्हाला एक शब्द यापुढे लिहायची नाही, तुमचं नाव काढायची नाही, तुमच्याकडून आलेला निरोप ऐकायची नाही. दगडाशी बोलावं तर त्याला निदान आपण दगड आहोत याची घमेंड नसते.

सगुणा


जोहे, २६ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

लिहायची नाही म्हटलं होतं. माझा शब्द सात दिवस टिकला. तुमचा अजून टिकून असेल, तुम्हाला शाबासकी.

आज सकाळी नाथा कारखान्यात आला आणि म्हणाला, "सगुणाबाय, पेढे कुठं हायत?" मी म्हटलं, कसले? तो म्हणाला, "काल पेणला दवाखान्याच्या दारात तुमचा जावई दिसला. हातात थर्मास, खांद्यावर किमया. माझ्याकडे बघून हसला आणि आत पळाला."

पेणला? मी म्हटलं, चुकला असशील, ती सगळी रोह्याला आहेत. मग अमोलकडे बघितलं. तो रंगाचा डबा ढवळत होता, त्याचं झाकण बंद होतं.

मी हात पुसले, मिनीडोअर पकडली आणि पेणला उतरले.

अपेक्षा खाटेवर होती. शेजारी बाळ. मुलगी झाली आहे, दोन किलो नऊशे, काल सकाळी, पंचवीसला, डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या दिवशी. रोह्याच्या डॉक्टरबाईंनीच पेणच्या दवाखान्यात नाव घालून दिलं होतं.

पायथ्याशी एक बाई पाय पसरून बसली होती. बायजा, खाडीकडची, मिठागरावर कामाला जायची, आता बाळंतिणींचं करते. निकेशनं चाळीस दिवसांसाठी बोलावली आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कोन गो?" मी म्हटलं, आजी. ती म्हणाली, "दोन आज्या हायत म्हणून आयकलं व्हतं. आज पयली दिसली. हात धुऊन ये, रंग हाय हातावर."

विहीणबाई, तुम्हाला वाटतं आहे की तुमची सून वीस तारखेपासून माझ्याकडे जोह्याला आराम करते आहे. मला वाटत होतं, ती तुमच्याकडे रोह्याला आहे. रोज फोनवर माझ्याशी बोलत होती, "सगळं ठीक हाय आई, सासूबाई मोदकाचं पीठ दळतायत." आपल्या दोघींतली एक जरी दुसरीला फोन लावणारी असती तरी पोरांचं बिंग पाच मिनिटांत फुटलं असतं. पण त्यांनी आपल्याला पुरतं ओळखलं होतं. आपल्या अबोल्यावर भरवसा ठेवून त्यांनी दवाखान्याशेजारी खोली घेतली, बायजा ठरवली, पोरीला आणली. निकेशनं तुम्हाला कंपनीत शटडाऊन आहे, गणपतीला येता येणार नाही म्हणून सांगितलं ना? नंदीबैल म्हटलं होतं मी त्याला. तो खाटेशी उभा राहून बाळाची लंगोटं घडी करत होता. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे आई, मला जमतंय." आणि जमत होतं.

अपेक्षा उठायला लागली तसं मी धावले, तर बायजानं तिला आधीच धरलं. मी मधे उभी. कुठे ठेवावेत ते हातांना कळेना.

पोरीनं मला विचारलं, "आई, तुझ्या मूर्ती झाल्या काय?"

टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर मी सुखानं खाल्ला असता. तिला खरंच काळजी होती. मी म्हटलं, चाळीस राहिल्यात. ती म्हणाली, "मग जा तू. लोक उद्या सकाळी न्यायला येतील. माझं सगळं हाय हितं."

मग म्हणाली, "एक कर. सासूबाईंना सांगू नको. कानावर गेलं नाय तोवर सोयर लागत नाय, निकेशच्या आजीच सांगायच्या. गौरी जाऊ देत. त्यांचा गणपती गोड होऊ दे."

तुमची सून. जिला तुम्ही तारखेवरून तारखेवर ढकलली, तिनं टाक्यावर हात धरून तुमच्या सात पाटांची काळजी केली. मला कारखान्यात परत पाठवलं आणि तुम्हाला देव दिला. आणि दोघींकडून काही मागितलं नाही. याला माया म्हणा हवं तर. मला त्यात आपली किंमत दिसली. आपण मदतीला येण्याची माणसं नाही, आपल्याला सांभाळून घ्यावं लागतं.

आता शेवटचं कबूल करते. घरी येऊन हे पत्र इथपर्यंत लिहिलं. नाथाचा टेम्पो रोह्याला निघत होता, आजची शेवटची फेरी. एक ओळ तुमच्या हातात पडली असती तर उद्या सात घरांतले सात पाट रिकामे. "परक्या पोरानं देव बसवायची पाळी आली नाय," म्हणाला होतात ना? बघा मग. मी पत्र घडी करून टेम्पोपर्यंत गेले. नाथानं हात पुढे केला. मला इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं.

मग म्हटलं, काही नाही रे, तू हो पुढं.

परत येऊन चाळीस मूर्तींना डोळे काढले. हात नीट चालला नाही. दोन-तीन जरा बावरल्यासारख्या दिसतात. ज्यांच्या घरी जातील त्यांनी चालवून घ्यावं.


३ सप्टेंबर २०२५, पेण

हे त्याच पत्राच्या पाठीवर लिहिते आहे.

आज तुमची तीन तारीख. काल गौरी-गणपती गेले, सातही घरांत काही विघ्न आलं नाही असं अमोलनं कोणाकडून तरी काढून आणलं. तुमचं अभिनंदन. आज बाळाचा दहावा दिवस आहे. म्हणजे सोयरीतला एक दिवस तुमच्या वाट्याला राखून ठेवला आहे. एवढा पाळा. उद्या अंघोळ करून मोकळ्या.

रागवायला बसाल तर आधी हे वाचा. तुम्ही निकेशबरोबर "जोह्याला दे" म्हणून डिंकाच्या लाडवांचा डबा दिला होता, तो इथे पोचला. अपेक्षा रोज एक खाते. मी एक चाखला. खोबरं जास्त आहे, पण भाजणी चांगली आहे. तुमचे गुडघे दुखत असताना एवढा डिंक तळत उभ्या राहिलात, हे लाडवावरून कळतं. हे तुम्ही पत्रात का नाही लिहिलंत? चार शिव्यांच्या जागी ही एक ओळ लिहायला काय झालं होतं? मला विचारू नका, मीही लिहिली नसती.

मी इथे रोज येते. बायजा मला लसूण सोलायला देते आणि धुरीचा विस्तव फुलवायला देते. बाळाची अंघोळ तिच्याच हाती. चाळीस दिवस हलणार नाही म्हणत होते मी, इथे माझ्यावाचून कोणाचं अडलेलंच नाही. रोज थोडं जास्त काम मिळतं, तेवढंच.

आता तुमच्यासाठीचा निरोप. अपेक्षानं सांगितलं तसाच लिहिते. तुम्ही यावं, उद्यापासून कधीही. पण वेळा तिनं वाटून दिल्या आहेत. तुम्ही सकाळी दहा ते बारा, मी बारानंतर. एकत्र नको. म्हणाली, "दोघी एका खोलीत बसलात की कोणी बोलत नाय, आणि त्या न बोलण्यानं मला झोप लागत नाय. भांडायचं असेल तर बाहेर भांडून या."

मी हो म्हटलं. तुम्हीही हो म्हणाल, कारण नाही म्हणून करणार काय.

नाथाला आता मूर्ती न्यायच्या नाहीत, मुद्दाम टेम्पो घेऊन येतो आहे. उद्या सकाळी परत येताना तुम्हाला घेऊन येईल. पुढची सीट उंच आहे, त्याला सांगा, तो खाली पाट ठेवतो.

खोली पहिल्या मजल्यावर आहे. जिना एकच. उद्या तुमचे बारा वाजतील तेव्हा मी खालच्या पायरीवर बसलेली असेन. पायरी अरुंद आहे, विहीणबाई. वळसा घालून जाता येणार नाही.

सगुणा